प्रीफिक्स कुठला देऊ, मामा?

भाच्याचा फोन आला तेव्हा इकडं बेळगावच्या शहापुरात पाऊस असा कोसळत होता की त्याचं अर्धं बोलणं पत्र्याच्या आवाजातच जात होतं. तो कॉलेजच्या लॅबमधून बोलत होता, मागं पोरांचा गलका. टेसरॅक्ट, म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरचा मजकूर वाचणारा प्रोग्रॅम, सोर्सवरून, म्हणजे त्याच्या मूळ कोडवरून बांधायचं चाललं होतं त्याचं. लॅबच्या मशिनवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स, त्याच्या पॅकेजमधून मिळतं ते ४.१.१, आणि ह्याला पाहिजे होतं पाच. "मामा, प्रीफिक्स कुठला देऊ? लॅबला सुडो नाही ओ." प्रीफिक्स म्हणजे बांधलेलं कुठल्या फोल्डरखाली ठेवायचं तो पत्ता, आणि सुडो म्हणजे मशिनच्या मालकाच्या, रूटच्या, अधिकारानं कमांड चालवणं. मी म्हटलं, होममध्ये, म्हणजे तुझ्या खात्याच्या फोल्डरात दे की, तिथला तो लपलेला डॉट-लोकल दे. तर म्हणाला, "बरं, तात्पुरतं तिथं टाकतो. मग सरांना विचारून खरं इन्स्टॉल करून घेतो." आणि ठेवला फोन.

ते शेवटचं काही माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणजे बघा, पोरानं गिटवरून सोर्स उतरवला, ऑटोजेन चालवलं, कॉन्फिगरच्या शिव्या खाल्ल्या, काय कमी पडतंय ते एकेक शोधून काढलं, सगळं स्वतः केलं. आणि तरी ते प्रोग्रॅम खरे कधी होणार तर पासवर्ड असलेला कुणीतरी येऊन हो म्हणेल तेव्हा. तोपर्यंत ते उपरे. हे त्याच्या डोक्यात कुठनं आलं असेल हा विचार करत मी त्या दिवशी बराच वेळ खिडकीत उभा होतो. आता मी उगाच संबंध जोडतोय असं कुणाला वाटेल, पण आमच्या इथली पोरं लहानपणापासून हेच बघत मोठी होतात की, बोर्डावर कुठली अक्षरं मोठी असावीत, सभेला परवानगी मिळणार की नाही, हातात पडणारा कागद कुठल्या भाषेत असणार, प्रत्येक गोष्टीला कुणीतरी वरचा आहे आणि त्याचा होकार येईपर्यंत आपलं सगळं तात्पुरतं. आमच्या घरच्या ट्रंकेत जमिनीचे कागद आहेत, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या आधीचे मराठीत आणि नंतरचे कन्नडमध्ये, शेत तेच, नाव तेच, बांध पण तोच. आणि शहापूर तरी काय, संस्थानं होती तोवर हे सांगलीच्या पटवर्धनांकडं आणि पलीकडं चालत गेलं की बेळगाव इंग्रजांकडं. इथल्या माणसाला हद्द कुणी शिकवावी लागत नाही. त्यामुळं असेल, पण कॉम्प्युटरवर निदान एक तरी जागा अशी आहे जिथं कुणाला विचारावं लागत नाही, हे त्या पोराला कळावं असं मला फार वाटलं, जरा जास्तच वाटलं.

टेसरॅक्ट कशाला पाहिजे होतं ते सांगायचं राहिलं. गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिका आहेत, गठ्ठे बांधून माळ्यावर ठेवलेल्या, वाळवी लागायच्या आत त्यांचे स्कॅन करायचे आणि त्यातला मजकूर शोधता येईल असा करायचा, हे काम आम्ही दोघांनी अंगावर घेतलंय. स्मरणिका उघडली की तो एक वास येतो, खिळ्यांच्या छपाईची शाई, दमटपणा आणि उदबत्ती असं काहीतरी मिसळलेलं. लेख मराठीत, अध्यक्षांचं मनोगत मराठीत, आणि मधल्या पानांवर जाहिराती, सराफांच्या, कापडवाल्यांच्या, उद्यमबागेतल्या फौंड्र्यांच्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये, फोन नंबर इंग्रजीत. असलं पान वाचायला टेसरॅक्टला मराठी आणि कन्नड दोन्हीचा डेटा एकदम देता येतो, मधे अधिकचं चिन्ह टाकून. एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ च्या सुमाराला सुरू झालेला हा प्रोग्रॅम २००५ मध्ये सोर्ससकट खुला झाला, पुढं गुगलनं तो सांभाळला, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्कवाली नवी पद्धत आली. छापलेलं ते बऱ्यापैकी वाचतं. शिरोरेघ तुटलेली असली की अडखळतं, 'ऱ्य' दिसला की काहीबाही करतं, आणि हातानं लिहिलेल्या अभिप्रायाच्या पानापुढं हातच टेकतं. तरी एका जाहिरातीतलं 'कुंदा' आणि त्याच्याच खालची कन्नड ओळ एकदम बरोबर उमटली स्क्रीनवर, तेव्हा भाचा खुर्चीवरनं उठलाच होता.

तर इन्स्टॉल.

पहिल्यांदा सोर्सवरून काही बांधणाऱ्याला इन्स्टॉल म्हणजे काहीतरी मोठा विधी वाटतो. मेक, म्हणजे सोर्सवरून प्रोग्रॅम बनवणारी कमांड, संपतं, पंखा गरगरायचा थांबतो, आणि मग मेक इन्स्टॉल म्हटलं की भराभर ओळी पळतात. पण होतं काय त्यात? फाईली कॉपी होतात. चालणारे प्रोग्रॅम बिनमध्ये, प्रोग्रॅमांना चालताना लागणाऱ्या लायब्ररी लिबमध्ये, हेडर इन्क्लूडमध्ये, बाकीचं सटरफटर शेअरमध्ये. एवढंच. प्रीफिक्स म्हणजे ह्या सगळ्या फोल्डरांच्या वरचा बाप कोण तेवढं सांगायचं. काही सांगितलं नाही तर बहुतेकांचा बाप स्लॅश-यूएसआर-लोकल, आणि तिथं लिहायला रूट लागतो म्हणून सुडो. होमचा पत्ता दिला तर सुडोचं नाव काढायचं कारणच नाही. गिटचं तर असंय, त्याच्या सोर्समध्ये जाऊन नुसतं मेक आणि मेक इन्स्टॉल केलं, दुसरं काही न सांगता, तर ते सरळ तुमच्या होममधल्या बिनमध्ये जाऊन बसतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी होम हीच नेहमीची जागा धरली. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं लगेच मेकफाईल, म्हणजे मेकला काय करायचं ते सांगणारी फाईल, उघडून बघितली, खरं आहे का ते.

आणि सुडो मेक इन्स्टॉलची मला खरंच भीती वाटते. कुठनं तरी उतरवलेली मेकफाईल, तिच्यात काय लिहिलंय ते कोण वाचतंय, आणि तिला आपण रूट होऊन म्हणतोय, चल, काय करायचं ते कर. होममध्ये इन्स्टॉल करताना तिनं घाण केलीच तर ती आपल्या घरापुरती. आता घरातच तर आपले फोटो, कागद, सगळं असतं, त्यामुळं धोका नाही असं नाही. पण लॅबमधल्या दुसऱ्या पोरांचं तरी त्यात काही जात नाही.

ह्या यूएसआरची एक जुनी गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. बेल लॅब्जमध्ये युनिक्स, म्हणजे लिनक्स ज्याच्या वळणावर आहे ती सिस्टिम, पीडीपी-११ ह्या मशिनवर चालायची त्या सुरुवातीच्या दिवसांत स्लॅश-यूएसआर ही माणसांची जागा होती. युनिक्स लिहिणाऱ्या केन थॉम्पसन, डेनिस रिची ह्यांच्या होम डिरेक्टरी तिथंच. मग पहिली डिस्क भरली. सिस्टिमचे प्रोग्रॅम मावेनात म्हणून दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे ह्यांच्या घरांशेजारीच, यूएसआरमध्ये आणखी एक बिन, आणखी एक लिब काढलं. पुढं सिस्टिमनं ती सगळीच जागा घेतली आणि माणसांना होम म्हणून दुसरीकडं सोय करावी लागली. आज उबुंटूत तर मूळचा स्लॅश-बिन सुद्धा यूएसआरमधल्या बिनकडं बोट दाखवणारा नुसता दुवा आहे. कारण साधं होतं, डिस्क लहान होती, कुणी कुणावर कुरघोडी केली नव्हती. पण तात्पुरती म्हणून केलेली सोय पन्नास वर्षं टिकली आणि तिलाच खरी जागा म्हणायची सवय लागली जगाला. म्हणूनच भाच्याचं ते तात्पुरतं-खरं मला पटत नाही. कुठलं तात्पुरतं आणि कुठलं खरं हे जागा ठरवत नाही हो.

बरं, होममध्ये म्हणजे नक्की कुठं, हा पुढचा प्रश्न, आणि खरा घोळ इथंच आहे. जुनी माणसं होममध्ये बिन करायची, झालं. डॉट-लोकल नंतर आलं, डेस्कटॉपवाल्यांनी डॉट-लोकलमधलं शेअर डेटासाठी ठरवून टाकलं, पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या पिपनं यूझर-इन्स्टॉल तिथं टाकायला सुरुवात केली, आणि २०२१ मध्ये एक्सडीजीच्या, म्हणजे ह्याच डेस्कटॉपवाल्यांच्या सामाईक नियमात लेखी आलं की माणसाचे स्वतःचे प्रोग्रॅम डॉट-लोकलमधल्या बिनमध्ये ठेवता येतील आणि डिस्ट्रिब्युशननं ते पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, येईल असं बघावं. उबुंटूच्या डॉट-प्रोफाईलमध्ये दोन्ही बिनची सोय आहे, फक्त ती लॉगिनच्या वेळी बघते की फोल्डर आहे का, असेल तर पाथच्या पुढं जोडते. म्हणून पहिल्यांदा फोल्डर तयार झालं की एकदा लॉगआऊट होऊन परत यावं लागतं. नवीन पोरं इथंच हमखास अडकतात, सगळं बरोबर असतं आणि टर्मिनल म्हणत राहतं कमांड सापडत नाही. आणि पाथच्या पुढं जोडतंय म्हणजे सिस्टिमचं ४.१.१ आणि घरचं पाच दोन्ही असली तर घरचं आधी सापडतं. मला हे फार आवडतं.

पण डॉट-लोकलमध्ये सरसकट टाकलं की वर्षभरानं काय होतं? बिनमध्ये ढीग. ह्यातलं टेसरॅक्टबरोबर आलेलं कुठलं, त्याला लागणाऱ्या लेप्टोनिका ह्या चित्रांच्या लायब्ररीचं कुठलं, पिपनं टाकलेलं कुठलं, काही कळत नाही. काढायला गेलं तर मेक अनइन्स्टॉल सगळ्यात असतंच असं नाही, असलं तरी तो सोर्सचा फोल्डर जपून ठेवलेला पाहिजे, आणि सीमेक ह्या दुसऱ्या साधनानं बांधायच्या प्रोग्रॅमांमध्ये तर बहुतेक ठिकाणी अनइन्स्टॉल नसतंच, इन्स्टॉल केलेल्या फाईलींची एक यादी तेवढी बिल्डच्या फोल्डरमध्ये पडलेली असते. आणि त्याच डॉट-लोकलमधल्या शेअरमध्ये तुमचे फॉन्ट, कचरापेटी, दहा प्रोग्रॅमांचा डेटा, जो परत बांधून मिळत नाही असा. बांधलेलं आणि जपायचं एकाच खोलीत.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी वाटणी झाली तो दिवस मला आठवतो, मी लहान होतो. सोप्यात सगळी भांडी मांडलेली, पितळी हंडे, परात, तांब्याचे घागरी-बंब, पावसाळ्याचा दिवस म्हणून आत अंधार आणि त्या अंधारात ती भांडी चमकत होती. ज्यांच्यावर नावं कोरलेली होती, कुठल्या सुनेच्या लग्नात कुणी दिलं, तारखेसकट, ती दहा मिनिटांत ज्याची त्याला गेली. ज्यांच्यावर काहीच नव्हतं त्यांच्यावरनं संध्याकाळपर्यंत बोलणी चालली, एका परातीवरनं दोन माम्या पुढं कितीतरी दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. परात काही फार मोठी नव्हती. कुणाची ते सांगणारं तिच्यावर काही नव्हतं, एवढंच.

स्वतः बांधलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला मी म्हणूनच स्वतःचं फोल्डर देतो, नाव आणि आवृत्ती घालून. डॉट-लोकलमध्ये स्टो नावाचा एक फोल्डर, त्यात टेसरॅक्ट-पाच, त्यात लेप्टोनिका, प्रत्येकाचं आपापलं बिन, लिब, शेअर. मग ग्नू स्टो चालवायचं. हा छोटासा पर्लमधला प्रोग्रॅम आहे, तो त्या फोल्डरातल्या फाईलींचे दुवे वरच्या डॉट-लोकलमध्ये तयार करतो. फाईल तिच्या जागी, बिनमध्ये तिचा फक्त दुवा. एलएसनं सविस्तर यादी काढली की बाण दिसतो, हे कुणाचं ते तिथंच लिहिलेलं. नको झालं तर स्टोला डी म्हणायचं, दुवे जातात, मग फोल्डर उडवायचं. नवी आवृत्ती बांधली तर जुनी तशीच ठेवून दुवे बदलायचे, पटलं नाही तर परत मागं. बॅकअप घेताना हा स्टोचा फोल्डर मी वगळतो, कारण त्यातलं सगळं परत बांधता येतं. प्रत्येकासाठी कॉन्फिगरला काय काय दिलं होतं ती ओळ मात्र एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवतो, आणि ती फाईल बॅकअपमध्ये जाते.

एक गोष्ट आधीच ठरवावी लागते, नंतर हलवता येत नाही. बरेच प्रोग्रॅम प्रीफिक्सचा पत्ता कंपाइल होताना पोटात घेतात. टेसरॅक्ट भाषांचा डेटा त्या पत्त्याखालच्या शेअरमध्ये टेसडेटात शोधतं. नंतर फोल्डर उचलून दुसरीकडं नेलं तर प्रोग्रॅम सुरू झालाच तरी म्हणतो मराठी सापडत नाही. टेसडेटा-प्रीफिक्स नावाचं व्हेरिएबल देऊन भागवता येतं, पण मग ते जन्मभर सांभाळा. त्यापेक्षा परत बांधावं हे बरं.

लायब्ररीचं दुखणं वेगळं. लॅबच्या मशिनवर लेप्टोनिकाची डेव्ह पॅकेज, म्हणजे बांधताना लागणाऱ्या फाईली, नव्हती, म्हणून टेसरॅक्टचं कॉन्फिगर अडून बसलं, लेप्टोनिका १.७४ किंवा पुढची पाहिजे म्हणून. ती पण घरात बांधली. तरी परत तीच ओळ. भाचा वैतागला, "आहे की ओ इथंच, दिसंना काय ह्याला?" दिसत नसतंच, कारण लायब्ररी कुठं आहे ते कॉन्फिगरला सांगणारं पीकेजी-कॉन्फिग आपल्या घरात आपणहून डोकावत नाही, त्याला पीकेजी-कॉन्फिग-पाथमधून लिबमधल्या पीकेजीकॉन्फिगचा पत्ता द्यावा लागतो. चालवताना परत तसंच होऊ शकतं, प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ररी जोडणाऱ्या लोडरला घरातली लायब्ररी सापडत नाही. अशा वेळी सगळीकडं एलडी-लायब्ररी-पाथ, म्हणजे लोडरनं आधी कुठं बघायचं तो पत्ता, टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसीत टाकायचा सल्ला मिळतो, आणि मला तो अजिबात मान्य नाही. त्यानं तुमचा एक प्रोग्रॅम चालतो, पण सिस्टिमचे बाकीचे प्रोग्रॅम सुद्धा आधी तुमच्या घरातली लायब्ररी उचलायला लागतात आणि मग कुठल्या तरी भलत्याच दिवशी भलताच प्रोग्रॅम पडतो. लिंक करतानाच, म्हणजे प्रोग्रॅमला लायब्ररी जोडतानाच, आरपाथ द्यावा, म्हणजे ज्याला गरज आहे त्याच्यापुरता पत्ता त्याच्याच आत राहतो.

लॅबमध्ये होम सर्व्हरवर असतं, ह्याचा फायदा असा झाला की एकदा बांधलं आणि लॅबमधल्या कुठल्याही मशिनवर लॉगिन केलं तरी त्याचं टेसरॅक्ट तिथं हजर. कुणाच्या परवानगीनं यूएसआर-लोकलमध्ये टाकलं असतं तर त्या एका मशिनपुरतं राहिलं असतं. कोपऱ्यातल्या जुन्या मशिनवर मात्र चाललं नाही, तिथली सिस्टिम मागची, जीलिबसी ही जवळपास सगळ्या प्रोग्रॅमांना लागणारी मूळ लायब्ररी जुनी, आणि नव्यावर बांधलेलं जुन्या जीलिबसीवर चालत नाही. उलटं चालतं सहसा. म्हणून सगळ्यात जुन्या मशिनवर बांधावं.

पुढं तो घरी आला, वडगावच्या बाजूनं भिजत आला, आमच्या मागच्या गल्लीत माग चालू होते, तो खटखट आवाज आणि आईनं केलेल्या भज्यांचा वास, आणि ह्यानं लॅपटॉप उघडून मला दाखवलं. लॅबमध्ये केलं तेच त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर पण केलं होतं, जिथं सुडो त्याचाच आहे. मला आत कुठंतरी बरं वाटलं. पण माझं डॉट-लोकल आणि स्टो त्यानं घेतलेलं नव्हतं. होममध्ये सरळ ऑप्ट नावाचा फोल्डर, डॉट नाही, काही नाही, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सच्या शेजारी, त्यात टेसरॅक्ट, लेप्टोनिका, आणखी काय काय. मी म्हटलं अरे, डॉट-लोकल सांगितलं होतं की, हे पाथमध्ये आपोआप येणार नाही, तुला हातानं दुवे करावे लागतील. "केले की मामा, होममधल्या बिनमध्ये दुवे टाकलेत." मग म्हणाला, "डॉटमध्ये लपवून कशाला ठेवायचं ओ? मी बांधलंय." मी काय बोलणार ह्याच्यावर. माझ्या पिढीला घरातलं सामान झाकून ठेवायची सवय, पाहुणा आला की आधी पडदा ओढायचा. त्याला फाईल मॅनेजर उघडल्याबरोबर ते दिसायला पाहिजे. माझी व्यवस्था जास्त चांगली आहे असं मला अजून वाटतं, स्टोनं जे मिळतं ते हातानं केलेल्या दुव्यांत मिळत नाही, एखादा दुवा राहून जातो, मॅन पेज सापडत नाही. पण प्रत्येकाचं फोल्डर वेगळं, नावानिशी, आवृत्तीनिशी, हे त्यानं केलं होतं. आणि सरांना विचारायचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही.

मंडळाच्या ऑफिसात एक जुना डेस्कटॉप आहे, तिथं मात्र आम्ही यूएसआर-लोकल वापरलं, आणि तेच योग्य होतं. त्या मशिनवर तिघाचौघांची खाती आहेत, सगळे स्मरणिकांचं काम करतात, मग एकेकाच्या होममध्ये तेच परत परत बांधण्यात काय अर्थ. कार्यकर्त्यांच्या बैठकीत विचारलं, ज्यांच्याकडं रूटचा पासवर्ड आहे त्यांनी समोर बसून टाईप केला, आणि स्टो तिथंही लावलं, यूएसआर-लोकलच्या आत. मराठीचा डेटा टाकून झाल्यावर भाचा म्हणाला कन्नडचा पण टाकूया, आणि कार्यकर्त्यांपैकी एक जण म्हणाले, टाका की, जाहिराती सगळ्या त्याच्यातच आहेत, देणगीदारांची यादी करायची तर लागणारच. टाकला. आता ८३ सालच्या अंकापर्यंत आलोय, त्याच्या मधल्या पानांना पाणी लागलंय, ती परत स्कॅन करावी लागणार असं दिसतंय.